भाऊजींच्या धुतलेल्या बाटल्या

माझ्या धाकट्या दिरांइतका स्वच्छ माणूस भोपाळात झाला नाही, आणि त्यांच्याइतकं वाईट पेयही भोपाळात दुसऱ्या कुणी केलं नसेल. भाऊजी घरी सायडर करतात, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून सौम्यशी दारू. ते नोकरीत नवे असताना कारखान्यात आलेल्या एका परदेशी इंजिनियरने त्यांना ती पाजली, आणि तेव्हापासून सोनागिरीच्या आमच्या घरातल्या मोरीचा नळ आमचा राहिला नाही. काचेच्या बरण्या, रबरी नळी, गाळणं, बाटल्या, बुचं, सगळं आधी साबणाने, मग ब्रशने, मग कढत पाण्याने आणि शेवटी जंतुनाशक पावडरीच्या पाण्याने धुवायचं. तोंडाला रुमाल. घरात कुणी शिंकलं की पुन्हा पहिल्यापासून. "वहिनी, श्वास जरा तिकडे सोडा," असं मला माझ्याच स्वयंपाकघरात ऐकावं लागे. शेजारीण खिडकीतून विचारायची, "भाभीजी, भैया का ऑपरेशन निपट गया?"

एवढं झालं की भाऊजी खुंटीवरचं मऊ फडकं काढत आणि प्रत्येक भांडं आतून-बाहेरून कोरडं पुसत. ते सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं फडकं. ओलं भांडं मांडायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. सासूबाई गेल्या, नियम उरला. त्याच फडक्याने कढई पुसायची, त्यानेच बरणी. मग दरवर्षी सायडरचा सिरका, म्हणजे व्हिनेगर होई, आणि भाऊजी दोष देत सफरचंदांना.

नवी नवरी असताना मी काय दिवे लावले ते सांगते. मला ते आंबटढाण पाणी भयंकर उच्च वाटलं. नागपूरला माहेरी बाटली नेऊन मी ऐटीत सांगितलं, "सायडर अशीच लागते, तुम्हाला सवय नाही." तोवर मी दुसरी सायडर पाहिलीसुद्धा नव्हती. आईने एक घोट घेतला, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि उरलेल्यात कांदे बुडवून ठेवले. कांदे छान मुरले. मी मात्र पुढची कित्येक वर्षं शहाणीच राहिले.

मग आमच्या ह्यांचं दुखणं आलं. डॉक्टर म्हणाले, आता जे आवडेल ते द्या. त्याचा अर्थ तिघांनाही कळला. हे म्हणाले, "ह्याच्या हातची धड सायडर एकदा प्यायचीय." भाऊजी त्याच दिवशी मंडीतून सफरचंदं घेऊन आले. धुणं सुरू झालं. हे खुर्चीत बसून बघत होते. भाऊजींनी फडक्याला हात घातला तसे हे बोलले,

"अरे, एवढं धुतोस आणि शेवटी त्या फडक्यातले जंतू परत आत घालतोस."

"दादा, आईचं आहे ते."

"म्हणूनच म्हणतो. या खेपेला आईला आराम दे."

भाऊजी दुखावले. बरण्या तशाच टाकून ताडताड निघून गेले. मी ह्यांना म्हटलं, "झालं समाधान? आता सिरकाही नाही मिळायचा." पण दुसऱ्या दिवशी ते आले, सगळं पुन्हा धुतलं आणि बाटल्या-बरण्या जाळीवर उपड्या घालून निथळत ठेवल्या. पुसायला नको म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरून येरझाऱ्या घालत होते.

रस बरणीत भरला, बुडबुडू लागला. हे रोज विचारत, "झाली का रे?" भाऊजी म्हणत, "दादा, घाई केली तर बिघडेल." बरणी अजून बुडबुडत होती तेव्हाच हे गेले.

तेरावं झाल्यावर काही आठवड्यांनी भाऊजी बाटली घेऊन माझ्याकडे आले. सवयीने तीन पेले मांडले आणि दोनच भरले. सायडर स्वच्छ, सोनेरी, आंबटपणाचा मागमूस नाही. आयुष्यात पहिल्यांदा जमली होती. मी म्हटलं, "भाऊजी, उत्तम झालीय." ते संतापून म्हणाले, "आता होऊन काय उपयोग?" आणि तरी पेला संपवला.

मग मोरीशी जाऊन पेले धुवायला लागले. आपला धुतला, माझा धुतला, मग तिसरा घेतला. साबण, ब्रश, कढत पाणी, सगळं आलं.

"अहो, तो उष्टा नाहीये," मी म्हटलं.

"माहीत आहे, वहिनी," ते म्हणाले, आणि धूतच राहिले.