सिद्धम्माचं जनावर पडत नाही

पोळ्याआधी मुरुडच्या बाजारात मातीचे बैल घेणाऱ्या बायका आधी फळीवर बुक्की मारून बघतात. सिद्धम्मा कुंभारणीचा बैल थरथरतो, पडत नाही. पूजेच्या पाटावर बैल आडवा झाला की वर्ष वाईट जातं, असं घरोघरी मानतात. आता लातूरहून साच्यातले बैल येतात, सोनेरी शिंगांचे, चकचकीत. तरी पासष्टीच्या सिद्धम्माकडं गिऱ्हाईक वळतं ते एवढ्याचसाठी. दुसरं काही मिरवण्यासारखं तिच्याजवळ नाही.

तिचे नियमही ठरलेले. बैल एकटा द्यायचा नाही, जोडीच. आणि बसलेला करायचा नाही. "बसका बैल कोण बांधतंय दावणीला?"

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी हणमंतरावांची नात तनुजा आली. तिसरीतली. काखेत शाळेतलं पुस्तक.

"सिद्धम्मा आज्जी, मला बैल नको. हे पाहिजे."

सिद्धम्मानं चिखलाचा हात पदराला पुसला आणि चित्र लांब धरलं.

"घोरपड व्हय?"

"घोरपड न्हाई! टी-रेक्स. चाळीस फूट लांब. मटण खातो."

"कोणाचं?"

"समद्यांचं."

"आन् हात असले एवढुसे? ताटातलं उचलतो कसं?"

"हात लागतच न्हाई. थेट तोंड. केळाएवढे दात हायत."

"म्हंजी आमच्या जावयावानी. ऱ्हातो कुठं?"

"मेला. कवाच. समदेच मेले."

"मेलेल्याची पूजा?"

"मी करनार की! आमच्या दावणीला बैल कुठं हाय आता? ट्रॅक्टर हाय. मग पाटावर कोणतं बी जनावर चालतंय."

सिद्धम्माला यात खोट सापडली नाही. "पोळ्याच्या आदल्या दिवशी ये, अव्वा. उभा करून ठेवते." तिचं माहेर निलंग्याकडचं, कानडी वळणाचं; कुठल्याही पोरीला ती लाडानं अव्वाच म्हणायची.

शब्द देऊन झाल्यावर तिनं पाय मोजले. दोनच होते.

पन्नास वर्षं तिच्या हाताला चार पायांची सवय. पहिल्या टी-रेक्सला तर न सांगता वशिंडच आलं. दुसरा तोंडावर पडला, तिसरा पाठीवर. चौथ्याचे पाय तिनं खांबाएवढे केले, तर शाळा सुटल्यावर तपासणीला आलेली तनुजा म्हणाली, "याला हत्तीरोग झालाय." पाचव्याचं शेपूट तिनं जमिनीला टेकवलं. तो छान उभा राहिला.

तनुजानं पुस्तक उघडलं. "शेपूट टेकत न्हाई. हवेत ऱ्हातंय."

"तू बघितला व्हतास?"

"पुस्तकात हाय."

सिद्धम्मानं शेपूट उचललं. तो पडला.

बाजारात बातमी फिरायला वेळ लागत नाही. "काय सिद्धम्मा, तुमचं जनावर पडाया लागलंय म्हणं?" असं दोघीतिघींनी हसत विचारलं. सिद्धम्मा हसली नाही. त्या दिवशी तिच्या फळीवर बायकांनी एकाऐवजी दोन बुक्क्या मारल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तनुजा आली ती आजोबांना घेऊन. खरं तर हणमंतरावच तिला घेऊन आले होते, रागानं.

"सिद्धम्मा, बैलाच्या सणाला बैल खाणारा मांडायचा? गावात इज्जत हाय आमची."

सिद्धम्मानं ओला फडका बाजूला केला. खाली एक बैल आणि एक टी-रेक्स, दोघं एका जुवाला जुंपलेले. तिनं फळीवर बुक्की मारली. बैल थरथरला, त्याच्या आधारानं टी-रेक्स थरथरला. पडलं कुणीच नाही.

"जोडीच देते मी," ती म्हणाली.

हणमंतराव राग विसरून उकिडवे बसले. चाळीस वर्षं औत हाकलेला माणूस. "जू तिरकं झालंय. बैलाची मान धरंल. आन् याला मुसकं कुठंय? शेजारच्यालाच खाईल की."

"आबा, टी-रेक्सला मुसकं!" तनुजा खिदळली.

मग हणमंतराव हळूच म्हणाले, "पर सिद्धम्मा, पोळ्याला मानेवर जू?"

सिद्धम्माचा हात तोंडावर गेला. त्या एका दिवशी कुणाच्याही बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आज गावात बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे, उद्या त्यांना सुट्टी. हे तिला कुणी सांगायची वेळ कधी आली नव्हती.

तिनं जू काढलं. टी-रेक्स विचारात पडल्यासारखा पुढं झुकला आणि नाकावर आपटला. दोन दात गेले.

"आता?" तनुजा म्हणाली.

सिद्धम्मा त्या पडलेल्याकडं बघत राहिली. "अव्वा, हा झोपत व्हता का गं?"

तनुजानं पानं उलटली. "पुस्तकात समदीकडं उभाच हाय. डरकाळी फोडतोय."

"पुस्तकाचं ऱ्हाऊ दे. झोपत व्हता का?"

तनुजानं बराच विचार केला. "झोपत असंल की."

"मग दमल्यावर बसत बी असंल. सण हाय. बैलाला सुट्टी, याला बी सुट्टी."

माती आतून ओलीच होती. तिनं पाणी लावलं, अंगठ्यानं पाय पोटाखाली दुमडले, पोट फळीला टेकवलं. गेलेले दात नखानं पुन्हा कोरले.

"बसका?" हणमंतराव म्हणाले. "तुमी तर बसका करत न्हाई."

"बैल करत न्हाई."

हणमंतरावांनी फळीवर स्वतः बुक्की मारली. मग आणखी एक, जोरात. बैल थरथरला. टी-रेक्स हललासुद्धा नाही.

तनुजा मात्र मान वाकडी करून मागून बघत होती. "शेपूट टेकलंय."

"बसल्यावर समद्यांचंच टेकतंय," सिद्धम्मा म्हणाली, आणि दोन्ही जनावरं तिच्या हातात दिली.