पेटीच्या तळचं संत्रं

मेश्राम मॅडम प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायच्या. अत्तर, केसांचं तेल, तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा, काहीही सापडलं की माणूस बाहेर. मी तिथे यंत्रांच्या देखभालीसाठी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गजरा काहून घालून आली वं? माझ्या मशीनले जुकाम होते." गजरा दाराच्या कडीला अडकवून मी कामाला लागले.

त्यांचं मशीन म्हणजे एक बंद नळी आणि तिच्या दोन टोकांना समोरासमोर आरसे. लेसरचा उजेड आरशांमध्ये हजारो येरझारा घालतो. आत शोधायचा वायू असेल तर तो उजेड शोषतो आणि उजेड लवकर विझतो. किती लवकर, यावरून हवेतला कणभर वायूही सापडतो. मॅडम इथिलीन शोधत. फळं पिकताना, सडताना सोडतात तो वायू. कळमेश्वरच्या एका शीतगृहात हे मशीन बसवायचा त्यांनी ध्यास घेतला होता. पण दिल्लीची समिती हो म्हणाली तरच. नाहीतर मॅडम निवृत्त होताच मशीन कपाटात.

समिती आली. रिवाजाप्रमाणे ऑफिसने पाहुण्यांसाठी संत्र्यांची पेटी आणली आणि कोणीतरी ती मशीनच्या हवा खेचणाऱ्या तोंडाजवळच ठेवली. मशीन सुरू करताच पडद्यावरची इथिलीनची रेघ चढतच गेली.

"बिघडलंय तुमचं यंत्र," अध्यक्ष म्हणाले. "ताजी संत्री एवढं इथिलीन सोडत नाहीत."

"बरोबर आहे साहेब. म्हणूनच म्हणते, यातलं एक सडून राहिलं."

"सगळी तर झकास दिसताहेत!"

"वरची तुम्हाले दिसून राहिली. सुनंदा, पालथी कर वं पेटी."

मी केली. अगदी तळाशी एक संत्रं हिरव्या बुरशीने मऊ पडलेलं. ते बाहेर नेलं, रेघ उतरली. अध्यक्षांनी स्वतः ते परत आणलं, रेघ चढली. त्यांनी पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. लहान पोरासारखे खेळत होते. मंजुरी तिथेच मिळाली.

मॅडमच्या निवृत्तीच्या निरोपादिवशी मशीन न्यायला कळमेश्वरची गाडी दारात उभी होती. आम्ही मॅडमना मुद्दाम संत्र्यांचीच पेटी दिली. त्यांनी ती उघडलीच नाही, आधी मशीनसमोर धरली. रेघ सरळ राहिली.

"चांगली आहेत. वाटून दे सगळ्याइले," त्या म्हणाल्या. "अन् बाहेर जाऊन सोला!"