मी वाचून दाखवलेला कागद

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, बहिणीसमोर नाही. ज्या मॅडमनी माझी तपासणी केली आणि शेवटी “इतकी वर्षं एकटीनं सोसलंत हो” म्हणताना डोळे पुसले, त्यांच्यासमोर तर नाहीच. त्यांचं ते रडणं मला हवं होतं – ते कशाला थांबवू? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही. मला धीर आलाय वगैरे समजू नका.

आधी आवाजाचं सांगते. मुद्दा टाळतेय, मला कळतंय. पण तिथूनच जावं लागेल.

तुम्हा लोकांना आवाज म्हणजे काय, हे मुळात ठाऊकच नाही. इथं सुरतेत, आमच्या डिंडोलीच्या गल्लीत एक गृहस्थ रोज सकाळी गाडी चालू करून तिच्यावर बसतात आणि फोनवर बोलतात. गाडी बंद करून बोलावं, हे त्यांना कधी सुचलेलं नाही. समोरची बाई कुकर लावते, कुकरमुळे टीव्ही ऐकू येत नाही म्हणून टीव्ही वाढवते, टीव्हीमुळे पोरगी ऐकत नाही म्हणून ओरडते. उतरायणला, म्हणजे संक्रांतीला, तर प्रत्येक गच्चीवर स्पीकर, आणि थोराड पुरुष पिपुड्या फुंकत नाचतात – त्याला आनंद म्हणायचं. मी तो अख्खा दिवस बाथरूममध्ये नळ सोडून काढते. ताट पडलं तर तुम्हाला आवाज येतो. मला दाताच्या मुळाशी सुई जाते. मला ऑटिझम आहे. कळलं चाळिशीला. दुखत होतं पहिल्यापासून.

वडील पॉवरलूमवर होते. आमची खोली लिंबायतला, कारखान्याच्या भिंतीला लागूनच. मी कान झाकून बसायचे तर ते एकदाच म्हणाले, “कानावरले हात काढ. ह्याच खटखटीवर जेवतेस तू.” मी हात काढले. पुढं केस वाढवले आणि केसांखाली कापूस घालायला लागले, व्हॅसलीन लावून, खोलवर. नवऱ्याला वाटायचं मला कानदुखी आहे. बाकी कुणाला ते कधी दिसलं नाही. आणि खरं सांगू? मला त्याचा गर्व होता. बाकीचे तक्रारी करतात, मी करत नाही. सोसता येतं त्यालाच काहीतरी लायकी असते, असं मी पक्कं ठरवलं होतं.

तर – हर्षदा.

मी उधन्याला एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात पंचिंग करते. म्हणजे साडीच्या काठावर जी नक्षी येणार, ती कॉम्प्युटरवर एकेक टाका बसवून तयार करायची, मग मशीन तशी शिवतं. आम्हा पंचिंगवाल्यांची खोली आणि मशीनचा हॉल यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूड. पलीकडे शेकडो सुया एकदम चालतात. टोकाला काचेची एक एसी केबिन होती, व्यापारी आले की नमुने दाखवायला. एरवी रिकामी. नऊ वर्षं मी त्या केबिनकडे बघत होते. मागितली कधी नाही.

हर्षदा आली तेव्हा चोवीस वर्षांची. राहायला गोडादऱ्याला, मूळची आमच्याच खानदेशातली. मला ज्या कामाला दिवस लागायचा, ते ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकायची. आणि दुसऱ्याच दिवशी, ओढणी कानांवरून घट्ट बांधून, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, “मला या आवाजात बसवत नाही. जागा बदलून मिळेल का?” मागितलं! असं सरळ! ऑपरेटर हसले. मीही हसले. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, तुम्हाला नाही होत त्रास?”

“कसला?” मी म्हटलं.

दोन्ही कानांत कापूस होता माझ्या. तिचा प्रश्नही मला अर्धा तिच्या ओठांवरून कळला होता.

मला ती आवडेनाशी झाली. नाही – असं गुळगुळीत कशाला बोलू? मला तिची किळस यायची. ती ओढणी, ते अंग आक्रसून बसणं, मशीन सुरू झालं की डोळे मिटणं. माझ्या आत जे चाललं होतं तेच ही बाहेर घेऊन बसली होती, उघडं, लाज न बाळगता. तुम्हाला कुणाचा असा राग आलाय का कधी – तो तुमच्यासारखाच आहे म्हणून?

महिन्याभरानं तिनं डॉक्टरांचा कागद आणला. शेठना इंग्रजीचा कंटाळा. त्यांनी मला बोलावलं. ती बाहेर उभी होती.

“संगीताबेन, आमां शुं लख्युं छे? जरा पढके बताओ ने.”

मी वाचायला लागले. लिहिलं होतं की हिला ऑटिझम आहे. आवाजानं हिला खरोखर वेदना होतात, हा स्वभाव नाही, हट्ट नाही, सवयीनं जाणारं हे नाही. हिला शांत जागा द्यावी, कान झाकू द्यावेत. आणि खाली एक ओळ होती – अशी माणसं कामावर दिवसभर ठीक दिसतात आणि घरी गेल्यावर कोसळतात.

मी रोज घरी गेल्यावर तासभर स्वयंपाकघराचं दार लावून फरशीवर आडवी पडायचे. नवऱ्याला सांगितलं होतं, डोकं दुखतं. ते त्या कागदावर छापलेलं होतं. एका परक्या पोरीच्या नावाखाली माझं सगळं आयुष्य लिहिलेलं होतं.

मला रडू यायला हवं होतं, नाही का? किंवा दया. मला संताप आला. हिला चोविसाव्या वर्षी नाव मिळालं, कागद मिळाला, आता केबिनही मिळणार. आणि मी? मी कापूस कोंबत राहायचं? आणि आणखी एक – हा कागद खरा ठरला, तर माझ्या इतक्या वर्षांच्या गर्वाचं काय उरलं? नुसता मूर्खपणा.

मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, “काही खास नाही, शेठ. टेन्शन आहे म्हणून लिहिलंय. सवय झाली की जाईल.”

“तो केबिननी जरूर नथी?”

“कशाला? मी बसतेच ना नऊ वर्षं?”

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना मनापासून उपाय हवा होता. ते विचार करून म्हणाले, “तो मशीन पासे बेसाडीए? टेव पडी जाय ने?” म्हणजे तिला मशीनजवळच बसवली तर लवकर सवय होईल का.

मी होकाराची मान हलवली.

बाहेर येऊन कागद तिला परत दिला. ती म्हणाली, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “सगळं वाचून दाखवलं गं. खूप सांगितलं मी. ऐकतच नाहीत.” तिला कुणाचा स्पर्श सोसत नसे. तरी तिनं माझा हात धरला. “तुम्ही बोललात तरी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल हॉलमध्ये गेलं. नऊ दिवस ती तिथं बसली. नववा दिवस मला पाठ आहे. जेवणानंतरची वेळ. एका मशीनचा धागा तुटला, त्याचा भोंगा वाजायला लागला, पाठोपाठ दुसऱ्याचा. मी प्लायवूडच्या दारात आले तेव्हा हर्षदा टेबलाखाली होती आणि टेबलाच्या लोखंडी पायावर कपाळ आपटत होती. एकसारखं, मोजून मापून. दोघं मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. कुणीतरी “ए, उठ, ए” म्हणून ओरडत होतं – तेही तिच्या कानाशीच.

काय करायचं ते त्या अख्ख्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. वीज बंद करायची. मेन स्विच माझ्यापासून दोन पावलांवर होता. हात लांब केला असता तर पुरलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं – तुला बरं हे कळलं, बाई?

मी उभी राहिले.

शेवटी शेठ धावत आले आणि त्यांनीच स्विच खाली केला. सगळ्या सुया थांबल्या. आणि त्या शांततेत, ती पोरगी कपाळातून रक्त गाळत पडलेली असताना – मला बरं वाटलं. माझ्या डोक्यातला ताण उतरला. खांदे सैल झाले. हे तुम्हाला मी सांगितलं नसतं तर हा सगळा खटाटोप फुकट होता.

तिची आई येऊन तिला घेऊन गेली. ती परत आली नाही. शेठ घाबरले होते. पंधरा दिवसांनी म्हणाले, “संगीताबेन, तमे पण उमरवाळा, तमे केबिनमां बेसो.” मी बसले. हे मी तिथूनच लिहितेय. एसी सोडला तर इथं काही ऐकू येत नाही.

दोन वर्षांनी मी स्वतः तपासणीला गेले. मलाही कागद मिळाला. तो मी शेठना वाचून दाखवला, गुजरातीत, सावकाश, अर्थ समजावून. या वेळी एक ओळसुद्धा गाळली नाही. हल्ली ऑटिझम असलेल्या पोरांचे आईबाप मला बोलवतात. मी त्यांना सांगते – मूल कान झाकतं तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा. मला त्रास होऊ नये म्हणून ते टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात वर करून हलवतात. सगळी खोली हात हलवते, बायका डोळे पुसतात. मी हसून मान झुकवते. इतकं भोळं असावं माणसानं? मला त्यांची कीव येते. त्याहून जास्त घाण वाटते ती माझ्या त्या हसण्याची.

गेल्या महिन्यात हर्षदा भेटली. गोडादऱ्याच्या भाजीबाजारात, संध्याकाळी, सगळे गळा काढून भाव ओरडत असताना. डोक्यावर मोठे निळे इअरमफ, कारखान्यात घालतात तसले. कपाळावर आडवी खूण. बरोबर आई. हर्षदा आता घरीच साड्यांना टिकल्या चिकटवते. पंचिंग सुटलं. कॉम्प्युटरचं काम कुठल्या शांत जागी मिळेना, असं तिची आईच म्हणाली.

मला बघून ती थांबली. मी काहीतरी बोलले असेन, कारण तिनं माझं बोलणं ऐकायला एका कानावरचा मफ काढला. त्या गोंगाटात. तिचा चेहरा पिळवटला, पण तिनं तो परत लावला नाही.

“आई, या त्या,” ती म्हणाली.

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. “हाईच ताई शे का? तुनासाठे शेठले बोलनी ती?”

हर्षदानं मान डोलावली. “एकट्या ह्याच बोलल्या.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. तिचा कान अजून उघडाच होता. ती माझं उत्तर ऐकायला थांबली होती.

“असू दे गं,” मी म्हटलं, “त्यात काय एवढं.”