शेणाच्या बोटाचा ठसा

सुट्टीत माहेरी, काष्टीला होते. केडगावहून चंद्रामावशीची लेक आली आणि उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "आई गेली, ताई. झोपंतच..." त्याला आता महिना होईल. मी तिला आत बोलावलं, चहा दिला.

मावशी आमच्या सालगड्याची बायको. पाडव्याला ओट्यावर साल ठरायचं ते गड्याचं: इतकं धान्य, धोतरजोडी, चप्पल. "बायको सालातच आली," असं माझे वडील, आण्णा, सहज म्हणायचे. गोठ्यातलं शेण, सरपण, दळण, आईची बाळंतपणं... सगळं त्यातच. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नववीत होते. गोठ्यापाशी बसून गुलामगिरीचा धडा मोठ्याने घोकत होते. मावशी शेणाची पाटी टेकवून ऐकत राहिली.

"काळेच हुते का समदे?"

"नाही, गोरेही. ज्या मुलखात ज्याचा जोर."

"आन् बाया?"

"धड्यात नाहीत."

"धड्यात न्हाई, मंजी त्यांनी काम केलंच न्हाई व्हय?" तिने वाकून पानावर बोट ठेवलं. "नीट बघा की. हितं आसल."

पुस्तकाला शेण लागलं म्हणून मी तिच्यावर खेकसले. काय तो माझा तोरा! ती नुसती हसली.

आठ दिवसांनी तिने मला गाठलं. गावाबाहेर दुष्काळी काम निघालं होतं, खडी फोडायचं. "तिथं बायांचं नाव येगळं लिवत्यात, ताई. मला जाऊ द्या म्हून मालकास्नी तुमी सांगा. तुमी शिकलेल्या." मी हो म्हटलं, पण आण्णांसमोर तोंड उघडलं नाही. तिने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या सकाळी पाटी धुऊन गोठ्याच्या दारात पालथी घातली आणि खडीवर गेली. नवऱ्याचं साल जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाडव्याला ते गेलंच, आणि बिऱ्हाड केडगावला हललं. पाटी आईने माझ्या हाती दिली. पहिल्याच दिवशी माझी कंबर धरली.

पुढे कितीतरी वर्षांनी, तिच्याच घरी, मी कबूल केलं, "मावशी, मी आण्णांना सांगितलंच नव्हतं गं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पर म्या गेलेच की."

लेक परतल्यावर माळ्यावरून ते पुस्तक काढलं. कडा वाळवीने खाल्ल्यात. धड्याच्या समासात तिचं बोट अजून आहे, फिकट, तपकिरी. अख्ख्या धड्यात बाईची खूण तेवढी एकच.