मामांची बाटली आणि माझं वांगं

आमचे मामा रसम सरळ पीत नसत. पेला गोल गोल फिरवायचा, त्यात नाक खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "चिंच वर आलीय." अहो, रसमात चिंच वर येणार नाही तर कुठे जाणार? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण मला अगदी वीट आला होता.

हे माझ्या नवऱ्याचे मामा. पुदुच्चेरीच्या एका फ्रेंच हॉटेलात कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, हे पाहुण्यांना सांगायची त्यांची नोकरी. आणि माणूस कट्टर वैष्णव! चाखायची, घोळवायची, थुंकायची. घशाखाली थेंब उतरू दिला नाही. निवृत्त होऊन कुंभकोणमला आमच्याकडे आले ते बोर्दोची लाल वाइन घेऊन, मालकानं निरोपाला दिलेली. ती उघडायची अट एकच, आपल्या घरच्या जेवणातला एखादा पदार्थ तिला शोभला पाहिजे. घरच्या म्हणजे कुणाच्या हातच्या? माझ्या!

"लाल वाइन जीभ आवळते, अर्ध्या कच्च्या जांभळासारखी," ते समजावत. "तिला तूप हवं, भाजका वास हवा. मिरचीनं ती भडकते, चिंचेनं बिघडते." झालं! आम्हा तंजावरच्या मराठ्यांच्या घरातून चिंच आणि मिरची काढली तर उरतं काय? सांबार नापास. उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी नापास. दहीभातालासुद्धा नाक मुरडलं. एकदा स्वामीमलैचे पाहुणे जेवायला होते. मी घाम गाळून चिंचेचा भात केला, तर सगळ्यांदेखत म्हणतात, "फक्कड! पण बाटलीला नाही चालणार." पाहुणे माझ्या नवऱ्याकडे संशयानं बघू लागले.

बाटली रांजणामागे ओल्या वाळूत आडवी निजलेली. वाळूवर रोज पाणी शिंपडायचं कुणी? मीच.

"मामा, इथल्या उकाड्यात नासेल ती. उघडा एकदाची."

"चुकीच्या घासाबरोबर उघडली तरी नासलीच की, अगे."

मग एका तापात मामांचं नाकच गेलं. कॉफी कळेना, कापूर कळेना. रसम मुकाट्यानं पिऊ लागले. मला हायसं वाटायला हवं होतं, पण ते गप्प बसणं मला सोसवेना. नावं तरी ठेवा हो, असं ओरडावंसं वाटे.

शेवटी एका दुपारी चिडूनच मी वांगी भाजली, भरपूर तुपात परतली, वर भरड मिरी घातली. चिंच नाही, मिरची नाही. ताट वाढलं आणि वाळूतली बाटली आणून शेजारी आदळली.

मामांनी ताट नाकाजवळ नेलं. मग हळूच म्हणाले, "मज वास येत नाही. तूच बघ."

मी? आमच्या घरात दारूचं नाव काढायची चोरी! पण मामा बाटली मांडीत धरून बूच काढायला लागलेसुद्धा, मला नाही म्हणवेना. अर्धं बूच आत पडलं. मी वांग्याचा घास खाल्ला आणि वर एक घोट घेतला.

"खरं सांग हो. माझं मन राखू नकोस."

"जराशी आंबलीय, मामा. पण जांभूळ आहे. आधी जीभ आवळली, मग तुपानं सुटली. मिरी मागे रेंगाळतेय."

"म्हणजे जमलं," मामा म्हणाले. त्यांचे गाल ओले झाले होते. मग एकदम दचकले. "थुंकलीस ना?"

"नाही. गिळली."

आता बोलणी खावी लागणार, असं वाटून मी मान खाली घातली. मामांनी पाट पुढे ओढला.

"मग सांग ना, अगे! गिळल्यावर कसं लागतं? मज कुठे ठाऊक!"