पोथीच्या अक्षरातलं पत्रक

नळयोजना पूर्ण झाल्याचा ठराव ग्रामसभेत येणार होता. अकोटकडचं, खारपाणपट्ट्यातलं गाव; विहिरींचं पाणी खारट. टाकी उभी, नळ उभे, पाणी नाही. ठराव पाडायला माणसं हवीत, आणि माणसं जमवायला पत्रक.

आमच्या चळवळीची पत्रकं जाड, ठोकळेबाज अक्षरांत निघतात. तीच अक्षरं निवडणुकीवाले वापरतात, तीच बियाण्यांच्या जाहिरातवाले. लोक घेतात आणि त्यात भजे खातात. म्हणून मी हट्टाने जुनं पुस्तकी अक्षर निवडलं. बोरूने लिहिणाऱ्यांचं वळण बघून मुंबईच्या कारागिरांनी ते कधीकाळी पोलादावर कोरलं, शिशात ओतलं. पंचांगं, पोथ्या, शाळेची पुस्तकं त्यातूनच निघाली. पुढे शिसं भंगारात गेलं, वळण तेवढं संगणकात आलं. उभी रेघ भरदार, वळताना बारीक होत जाते. डोळा शिणत नाही. मी समास रुंद सोडला, ओळी मोकळ्या ठेवल्या, उद्गारचिन्ह एकही नाही.

अमरावतीचा डीटीपीवाला म्हणाला, "भाऊ, एखादी आवळलेली मूठ-गिठ टाकू का? तेरवीच्या कार्डासारखं शांत दिसून राह्यलं."

"शांतच पाहिजे. लोकांनी वाचायचं आहे, दचकायचं नाही."

मी स्वतः घरोघर जाऊन वाटलं. पहिल्यांदाच कुणी चुरगाळलं नाही. बाया दोन्ही हातांनी घेत होत्या. मी खूश.

ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही. तहकूब सभेला ती लागतच नाही, हे सरपंचाला पक्कं ठाऊक. पुढच्या सभेत त्याच्याच चार टाळक्यांनी हात वर केले आणि कोरडे नळ कागदावर वाहू लागले.

ज्यांच्या अंगणात आमच्या बैठका व्हायच्या, त्या काकूंकडे मी तडक गेलो.

"काकू, पत्रक मिळालं होतं ना?"

"भेटलं ना गा. थे पाह्य."

देव्हाऱ्यात होतं. हळदकुंकू वाहिलेलं.

"पोथीचं पान हाय म्हटलं. कोनाचा पाय-गिय लागला असता. गल्लीत समद्याईनं असंच ठेवलं."

"आणि वाचलं नाही?"

"एकादशीले वाचू म्हटलं, आंघोळ करून."

मला राहवलं नाही. "देवाला आंघोळ कशानं घालता, काकू? विकतच्या कॅनच्या पाण्यानं ना?"

त्यांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं, कुठेही न अडखळता. मग कागद माझ्या पुढ्यात आपटला.

"हे तं आपल्या नळाचं हाय! मंग दारात उभा होता तवा तोंड शिवलं होतं काय तुयं?"