थुंकलेला चहा

आमचे हे चहाच्या कंपनीत चहा चाखतात. सुर्रकन घोट ओढायचा, जिभेवर फिरवायचा, बादलीत थुंकायचा. सव्वीस वर्षं हेच केलं, तेव्हा कुठे तीन महिन्यांपूर्वी मुख्य चाखणाऱ्याची खुर्ची मिळाली. सकाळचे कप होतेच, आता दुपारचे दोनशेही यांच्याकडे आले. आणि तेव्हापासूनच यांची झोप उडाली.

झालं! घरात पोलीस चौकीच उघडली. उशी कुणी बदलली? वरचा शेजारी मुद्दाम टेबल सरकवतो ना? हाताखालच्याला म्हणे यांची खुर्ची हवी, म्हणून तोच कपात काहीतरी टाकतो. शेवटी पाळी माझी. मी दिलेलं दूध आधी हुंगायचे, मग पहिला घोट मला घ्यायला लावायचे. एकतीस वर्षांचा संसार, आणि मी चोर! माझं डोकंच फिरलं. धरून नेलं डॉक्टरीणबाईंकडे.

"दिवसाला चहा किती?" त्यांनी विचारलं.

"एक."

"आणि थुंकता ते?" मी म्हटलं.

"थुंकलेला कुणी मोजतं का?" हे माझ्यावरच डाफरले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आपण जागे असतो तसं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. चहातलं कॅफीन नेमकी तीच जागा अडवतं. थुंकलं तरी थेंबभर घशाखाली उतरतंच, आणि दोनशे कपांचे थेंब काही कमी नाहीत. दुपारचं कॅफीन रात्रीपर्यंत अंगात उरतं ते वेगळंच. "आठ दिवस रजा घ्या, कळेल."

"त्या बाईला तूच पढवलंस," जिना उतरताना हे म्हणाले.

तरी रजा घेतली. पहिले दोन दिवस चहा सुटल्यानं डोकं धरून बसले होते. पाचव्या दिवशी मात्र असे गाढ झोपले, की ऊन पलंगावर आलं तेव्हा उठले. मी खुशीत दूध घेऊन गेले, तर हे तोंड पाडून बसलेले.

"खरं सांग, काल दुधात काय घातलंस?"

"काहीही नाही. तुमची शपथ."

मला वाटलं, आता उसळतील. सोमवारी पुन्हा त्या खुर्चीवर जायचं होतं.

"घातलं होतंस म्हण ना गं, म्हणजे खुर्ची सोडायला नको," हे म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले.

पण मला खोटं बोलवेना. मी पेला हातात दिला. या वेळी त्यांनी हुंगला नाही.